मन रमव म्हणजे नेमकं काय कर?

सुरुवातीलाच एक सांगते. मी कॉन्व्हेंटची. मराठी दहावीपर्यंत ‘सेकंड लँग्वेज’ होती आणि ऱ्हस्व-दीर्घाने त्यातलेही मार्क खाल्ले. त्यामुळे चुका पदरात घ्या. काही संपादकांनी दुरुस्त केल्या आहेत, उरलेल्या माझ्या. इंग्लिश सेक्शनला दिला असता तर हा लेख दोन दिवसांत झाला असता, पण तो मराठीतच लिहायचा होता. का, ते पुढे येईलच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या विंगमधली एक फर्स्ट इयरची मुलगी दहा-बारा दिवस उशिरा परत आली. सुट्टीत तिचा मोठा भाऊ गेला. (हे तिला विचारून लिहितेय. नाव नको म्हणाली, बाकी लिही म्हणाली.) त्या संध्याकाळी निम्मी विंग तिच्या खोलीत. रेक्टर मॅडम आल्या, मेसच्या मावशी ताट घेऊन वर आल्या. आणि उठताना प्रत्येकीने तिला एकच गोष्ट सांगितली, की मन कशात तरी रमव. कोणी म्हणालं गॅदरिंगच्या डान्समध्ये ये, कोणी म्हणालं बॅडमिंटन, कोणी रोबोटिक्स क्लबचा फॉर्म आणून देते म्हणालं. ती सगळ्यांना मान हलवत होती. माझी पाळी आली तेव्हा मीही तेच म्हणणार होते, वाक्य अगदी ओठांवर होतं, पण म्हणवेना. कारण सेकंड इयरला हाच सल्ला मी तंतोतंत पाळला होता.

माझे बाबा थर्ड सेममध्ये गेले. सकाळी बँकेत जायला निघाले, जिन्यात खाली बसले, संपलं. तेराव्यानंतर दोन दिवसांनी मी होस्टेलवर परत, कारण सबमिशन होतं. (तेव्हा सगळ्यांना हेच कारण दिलं. आजही ऐकायला किती सिन्सियर वाटतं!) आल्या आल्या मी रोबोटच्या टीममध्ये घुसले. आमच्या रोबोटला पांढऱ्या रेघेवरून सरळ पळायचं होतं आणि तो दारू प्यायल्यासारखा झुलत होता. त्याचं पीआयडी ट्यूनिंग माझ्याकडे आलं. रेक्टर मॅडमकडून परवानगीची चिठ्ठी काढून मी रात्री उशिरापर्यंत वर्कशॉपमध्ये. रोज साडेआठला आईचा फोन यायचा. मी कट करायचे आणि मेसेज टाकायचे, ‘टीमचं काम आहे, नंतर करते.’ नंतर करायचे नाही. सगळे म्हणायचे, काय स्ट्राँग पोरगी आहे.

मार्चमध्ये कॉम्पिटिशन झाली. आमचा नंबर वगैरे काही आला नाही पण रोबोट सरळ पळाला. परत आलो, तो खोक्यात भरून स्टोअररूममध्ये ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला अंथरुणातून उठता येईना. ताप नाही, काही नाही. उठण्यासाठी कारणच सापडेना. असे किती दिवस गेले ते अटेंडन्सच्या रजिस्टरला विचारा. शेवटी कम्युनिकेशन स्किल्सच्या मॅडमनी बोलावून घेतलं. मला वाटलं डिटेन्शनची नोटीस असणार. त्यांनी एक पुस्तक पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, “वाच. घाई नाही. पण अर्ध्यात सोडू नकोस, अर्ध्यात सोडलंस तर उलटा अर्थ काढशील.”

पुस्तक होतं हेलन मॅकडोनल्डचं ‘एच इज फॉर हॉक’. 2014 साली इंग्लंडमध्ये आलं. त्या वर्षी सॅम्युअल जॉन्सन प्राइझ आणि कोस्टा बुक ऑफ द इयर, दोन्ही त्याला मिळाली. हेलनचे वडील अलिस्डेर मॅकडोनल्ड वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर होते. मार्च 2007 मध्ये ते लंडनच्या रस्त्यावर फोटो काढत असताना हार्ट अटॅकने गेले. हेलन तेव्हा केंब्रिजला फेलोशिपवर, आणि ती फेलोशिपही संपत आलेली. मग तिने काय करावं? स्कॉटलंडच्या एका धक्क्यावर जाऊन 800 पौंडांना एक गॉसहॉक विकत घेतला! गॉसहॉक म्हणजे आपण ज्याला बाज म्हणतो तो. आपल्या होस्टेलच्या पाण्याच्या टाकीवर अधूनमधून शिक्रा बसतो ना, त्याच कुळातला, पण आकाराने आणि रागाने कितीतरी मोठा. (जाता जाता : हेलन आज स्वतःला नॉन-बायनरी म्हणवते. मराठीत क्रियापदाला लिंग द्यावंच लागतं, म्हणून पुस्तकातल्या मुलीचं ‘ती’ मी तसंच ठेवलं आहे.)

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा, कारण पुस्तकाबद्दल ऐकून माहीत असलेले लोक ती हमखास चुकवतात. हेलनला शिकारी पक्ष्यांचं वेड लहानपणापासून होतं. वडील गेले म्हणून तिने हॉबी क्लास लावला असं झालेलं नाही. फक्त गॉसहॉक तिने पूर्वी शिकवला नव्हता, कारण तो सगळ्यात अवघड.

तो शिकवतात कसा, ते आपल्या लोकांनी वाचण्यासारखं आहे. नवा पक्षी माणसाला घाबरतो. त्याला अंधाऱ्या खोलीत, जाड हातमोज्यावर घेऊन तासन् तास बसायचं. हलायचं नाही, डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत. त्याच्या पायांत चामड्याच्या वाद्या असतात. तो घाबरून हातावरून झेप घेतो आणि उलटा लटकतो. त्याला अलगद परत वर घ्यायचं. असं कितीही वेळा. तो हातावर बसून मांसाचा पहिला तुकडा खाईल तो पहिला टप्पा. मग तो खाण्यासाठी हातावर उडी मारेल. मग लांब दोरी बांधून खोलीबाहेर, पाच फूट, दहा फूट, आणि शेवटी दोरीशिवाय. या सगळ्यात तुमच्या हातात कंट्रोल करण्यासारखी गोष्ट जवळजवळ एकच आहे. वजन. पक्ष्याला रोज काट्यावर ठेवायचं. वजन जास्त असेल तर त्याला भूक नाही, म्हणजे तुमची गरज नाही, सोडलात की गेला. कमी असेल तर तो अशक्त आणि चिडका होतो. दोन्हींच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो, त्याला फ्लाइंग वेट म्हणतात. ज्यांनी कंट्रोल सिस्टिम्सचं जर्नल लिहिलंय त्यांना हे वाचताना घरी आल्यासारखं वाटेल.

हेलनने त्या पक्षिणीचं नाव ठेवलं मेबल. अगदी आजीबाईचं नाव! हॉक पाळणाऱ्यांत एक समजूत आहे म्हणे, की नाव जितकं भयंकर तितका पक्षी नेभळट निघतो, म्हणून मुद्दाम साधं नाव.

आता मॅडम ‘उलटा अर्थ’ का म्हणाल्या ते. पुस्तकाच्या पहिल्या भागात हेलन फ्रीझरमध्ये मेबलचं खाणं भरते, फोनची वायर काढून टाकते, मित्रांना सांगते की काही दिवस मला भेटू नका. मी हे वाचत होते वर्कशॉपच्या मागच्या पायरीवर बसून आणि मनात म्हणत होते, येस्स! हेच! बघा, मी काही वेगळं केलं नव्हतं. मेबल हळूहळू माणसाळते. पण दुसऱ्या बाजूला हेलनचं माणूसपण पातळ होत जातं. ती पक्ष्याच्या नजरेने बघायला लागते. दारावर कोणी आलं की दचकते. शेतात मेबल ससा पकडते तेव्हा त्या सशाचे हाल होऊ नयेत म्हणून हेलनला तो स्वतःच्या हाताने मारावा लागतो, आणि त्या क्षणी मरण म्हणजे काय ते तिला अगदी जवळून दिसतं. बाजाला शोक नसतो, भूतकाळ नसतो. तिला तसंच व्हायचं होतं. आणि ती जवळजवळ तशी झालीही.

मग वडिलांची स्मरणसभा येते, लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरच्या सेंट ब्राइड्स चर्चमध्ये. हे पत्रकारांचं चर्च समजलं जातं. हेलनला तिथे वडिलांबद्दल बोलायचं असतं. समोर गच्च माणसं, वडिलांबरोबर काम केलेली. वडील लहान असताना विमानं बघत बसायचे आणि त्यांचे नंबर वहीत टिपून ठेवायचे. हवी ती गोष्ट दिसेपर्यंत गप्प थांबून राहायचं हे हेलन त्यांच्याकडूनच शिकली होती. म्हणजे बाजाला हातावर घेऊन अंधारात बसण्याची जी चिकाटी, ती मुळात बाबांची! हे तिला त्या माणसांमध्ये उभं राहिल्यावर उमगतं. आणि हेही, की दुःख झाल्यावर रानात निघून जायचं हा धडा तिने पुस्तकांतून उचलला होता आणि तो चुकीचा होता. त्यानंतर ती डॉक्टरकडे जाते, डिप्रेशनची औषधं सुरू करते. मेबलला ती सोडत नाही. पण आता मेबल ही लपायची जागा राहत नाही.

मी पुस्तक मिटलं आणि फोन बघितला. सहा महिन्यांचे मिस्ड कॉल. आईचे. साडेआठ, साडेआठ, साडेआठ.

या पुस्तकाच्या आत आणखी एक पुस्तक आहे. टी. एच. व्हाइट नावाचा लेखक होता, ज्याने राजा आर्थरच्या लहानपणावर ‘द सोर्ड इन द स्टोन’ लिहिलं, डिस्नेने त्यावर 1963 मध्ये सिनेमा केला. त्याने 1936 मध्ये शाळेतली नोकरी सोडली, रानातल्या झोपडीवजा घरात राहायला गेला आणि जर्मनीहून एक गॉसहॉक मागवला. त्याला कोणाच्या मृत्यूचं दुःख नव्हतं, त्याला स्वतःपासूनच पळायचं होतं. शिकवायला कोणी नाही, हाताशी जुनी पुस्तकं. तो पक्ष्याला जास्त खायला घालायचा, मग चिडायचा, मग घाबरून आणखी खायला घालायचा. शेवटी एक दिवस जुनाट सुतळी तुटली आणि पक्षी गेला. त्याचं ‘द गॉसहॉक’ 1951 साली आलं. हेलनने ते आठव्या वर्षी वाचलं आणि तिला भयंकर राग आला, की या माणसाला साधी गोष्ट कळत नाही! मोठेपणी तिला त्याची दया येते. मला मात्र व्हाइटचा भाग लांबल्यासारखा वाटला. खरं सांगते, दोन प्रकरणं मी उड्या मारत वाचली.

नंतर मी असल्या पुस्तकांच्या मागेच लागले. (हेही एक मन रमवणंच, माहीत आहे मला.) त्यातलं दुसरं सांगण्यासारखं म्हणजे लाँग लिट वून यांचं ‘द वे थ्रू द वुड्स’. या बाई मूळच्या मलेशियाच्या, विद्यार्थिनी म्हणून नॉर्वेला गेल्या, तिथेच लग्न केलं, अँथ्रोपॉलॉजिस्ट झाल्या. 2010 साली त्यांचे पती एके सकाळी कामावर गेले आणि तिथेच कोसळले. हे वाक्य वाचून मी पुस्तक दोन दिवस उघडलं नाही. पुढे वूनबाई अळंबी ओळखायच्या नवशिक्यांच्या कोर्सला जातात. हेलनसारखं जुनं वेड वगैरे नाही, पाटी कोरी. जंगलात जायचं, खाली बघत चालायचं, वास घ्यायचा, तोडून बघायचं, आणि चुकलं तर जीव जाऊ शकतो म्हणून लक्ष इकडे तिकडे जाऊ द्यायचं नाही. नॉर्वेमध्ये अळंबी तपासनीस व्हायची रीतसर परीक्षा असते. लोक जंगलातून टोपल्या भरून आणतात, तपासनीस त्यातली विषारी बाजूला काढतात. वूनबाई अभ्यास करून ती परीक्षा पास होतात. गंमत म्हणजे या शास्त्रातही देशादेशांत भांडणं आहेत. फॉल्स मोरेल नावाची एक अळंबी नॉर्वेत विषारी म्हणून फेकून देतात आणि शेजारच्या फिनलंडमध्ये नीट उकळून, पाणी टाकून चवीने खातात!

पण मला जे महत्त्वाचं वाटलं ते असं. अळंबीसाठी वूनबाईंना माणसांतच जावं लागलं. कोर्सला बरोबरची मंडळी, टोपली तपासायला आलेली अनोळखी कुटुंबं, आपली अळंबीची जागा कोणालाही न सांगणारे कंजूष तज्ज्ञ. नवऱ्याच्या मृत्यूनंतर ज्यांना काय बोलावं सुचत नव्हतं अशा ओळखीच्या लोकांपेक्षा, ज्यांना फक्त अळंबीबद्दल बोलायचंय असे अनोळखी लोक त्यांना सोपे गेले. हे मला अगदी पटलं. मेसमध्ये माझ्याकडे ‘बिचारी’ म्हणून बघणाऱ्यांपेक्षा सोल्डरिंग कसं केलंस म्हणून खेकसणारा टीमलीडर मलाही बरा वाटायचा.

तिसरं पुस्तक थोडक्यात. पॅट्रिक ब्रिंगली, ‘ऑल द ब्यूटी इन द वर्ल्ड’, 2023. मोठा भाऊ 2008 मध्ये कॅन्सरने गेला, तेव्हा हा न्यू यॉर्कर मासिकातली नोकरी सोडून मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गार्ड झाला. दहा वर्षं. काम काय, तर उभं राहणं. चित्रं बघणं, लोकांना टॉयलेटचा रस्ता सांगणं. पाय दुखतात म्हणून मोज्यांसाठी भत्ता मिळतो. टार्गेट नाही, डेडलाइन नाही. ज्यांना वाटतं की पॅशन म्हणजे रात्रीचा दिवस करणं, त्यांनी हे आधी वाचावं.

आता अभ्यासाचा मुद्दा, कारण मॅडमनी सांगितलंय की नुसती ओळख नको. ही पुस्तकं वाचताना मी शेवटच्या पानावर पेन्सिलने वर्षं मांडली. हेलन : वडील गेले 2007, पुस्तक 2014. वून : 2010, आणि नॉर्वेजियन पुस्तक 2017. ब्रिंगली : 2008 आणि 2023.  म्हणजे सात वर्षं, सात वर्षं, पंधरा. वाचताना वाटतं की माणूस जंगलात गेला, हॉक उडवला आणि चारशे पानांत बरा झाला. तसं नाही. जो माणूस अंधाऱ्या खोलीत बसला होता त्याला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं. हे सगळं बऱ्याच वर्षांनी, शांतपणे बसून जुळवलेलं आहे, आपण वर्षभराची रीडिंग्ज शेवटच्या रात्री ग्राफवर टाकून स्मूथ कर्व्ह काढतो तसं. कर्व्ह खोटा नसतो, पण पॉइंट्स त्याच्यावर बसत नव्हते हे आपल्याला माहीत असतं. म्हणून सध्या दुःखात असलेल्या कोणी ही पुस्तकं वाचून ‘माझं असं का होत नाही’ म्हणून स्वतःला कमी लेखू नये. शिवाय या लोकांना वर्षभर एका गोष्टीला वाहून घेता आलं. आपल्याला पंचाहत्तर टक्के अटेंडन्स आहे.

दुसरी एक गोष्ट मला पुस्तकापेक्षा रोबोटने समजावली. पीआयडी कंट्रोलरमध्ये ‘आय’ म्हणजे इंटिग्रल टर्म असते. ती मागच्या सगळ्या चुकांची बेरीज करत जाते. मोटार फुल स्पीडला अडकली, तिच्याकडून आणखी काही होणारच नसलं, तरी ही बेरीज आत गुपचूप वाढतच राहते. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. बाहेरून काही दिसत नाही, मोटार जोरात पळते आहे एवढंच दिसतं. आणि अडकलेपण सुटलं की ती साठलेली बेरीज एकदम बाहेर येते आणि रोबोट रेघ सोडून भिंतीवर जातो. आमचा दोनदा गेला होता. त्याच्यावर उपाय म्हणून मी कोडमध्ये चार ओळी टाकल्या होत्या. माझ्या स्वतःच्या बाबतीत मार्चमध्ये तेच होणार आहे हे त्या चार ओळी लिहिताना माझ्या डोक्यातही आलं नाही.

हेलनही तशीच फुल स्पीडला होती. म्हणून आता कोणी म्हणालं की अमुक कामात बुडवून घेतलंय, आता ठीक आहे, तर मी पटकन खूश होत नाही. बुडवून घेण्याला माझा विरोध नाही. माझा रोबोट नसता तर मी ते सेम काढलं नसतं, हेही खरं आहे. पण मी आता बघते की त्या कामात गेलेल्या माणसाचं नाव निघतं का. वर्कशॉपमध्ये सहा महिन्यांत मी ‘बाबा’ हा शब्द एकदाही उच्चारला नव्हता. टीममधल्या दोघांना तर माहीतच नव्हतं.

आईला मी त्याच रात्री फोन केला. साडेआठ वाजून गेले होते, दहा झाले होते. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून वाइंडअप समजावून सांगायला लागले. आईचा इंजिनिअरिंगशी काही संबंध नाही. ती सगळं ऐकून म्हणाली, “अगं, तुझे बाबा असते तर म्हणाले असते, हे मराठीत सांग.” आणि मग आम्ही दोघी इतक्या रडलो की शेजारची रूममेट उठून बसली. बाबांना इंग्लिश येत होतं, बँकेत होते, पण वाचायचे मराठीच. दरवर्षी मी कॉलेजचं मॅगझिन घरी नेलं की आधी मराठी विभाग उघडायचे, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायचे आणि विचारायचे, “यात तुझं काही नाही?” मी म्हणायचे, बाबा, मला मराठी लिहिता येत नाही. तर हे असं आहे. बाबा, यात माझं आहे.

त्या ज्युनिअरला मी त्या संध्याकाळी काहीच सल्ला दिला नाही. दोन दिवसांनी पुस्तक नेऊन दिलं आणि मॅडमचीच अट घातली, की अर्ध्यात सोडायचं नाही. महिनाभर ती पुस्तकाबद्दल काही बोलली नाही. गेल्या आठवड्यात मेसमध्ये समोर येऊन बसली.

“ताई, मेबलचं पुढे काय झालं?”

मी सांगितलं. पिसं झडायच्या सीझनला हेलन तिला एका मित्राच्या पिंजऱ्यात ठेवून येते, तिथे पुस्तक संपतं. ती पुढे काही वर्षं जगली, उडली, आणि मग फंगल इन्फेक्शनने गेली.

ती बराच वेळ भाताशी खेळत बसली. मग म्हणाली, “आमच्या दादाने एकदा कावळ्याचं पिल्लू आणलं होतं घरी. आईने इतका दंगा केला. तुला सांगितलं होतं का मी?”

नव्हतं सांगितलं. मावशी टेबलं पुसायला आल्या, आमचं ताट उचलून घेऊन गेल्या, तरी ती सांगतच होती. पिल्लू दादाच्या शर्टाच्या खिशात कसं बसायचं, आणि शाळेत कसं नेलं, आणि सर काय म्हणाले.

पुस्तक अजून तिच्याकडेच आहे, दुसऱ्यांदा वाचतेय म्हणाली. लायब्ररीत एकच कॉपी आहे. कोणाला हवं असेल तर काउंटरवर नाव लावून ठेवा.